डोस पाजण्याआधी बाटली बघितली

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही आईला पोलिओचा रविवार आला की जानेवारी 2021 आठवतो. आमच्याच जिल्ह्यात त्या दिवशी 12 लेकरांना डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. लेकरं बरी झाली, धास्ती मात्र राहिली. यंदा सासूबाई अडूनच बसल्या. "मायबाई, पोरीले सुया तं साऱ्या झाल्या नं! आता कायले नेतं?"

झाल्या होत्या, हे खरं. दीड महिन्याला, साडेतीन महिन्याला आणि नवव्या महिन्यात दंडावर पोलिओची सुई, थेंब तर जन्मल्यापासून. मग पुन्हा कशाला, हे मी आदल्या दिवशीच आशाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सुईनं लेकराचं लुळेपण टळतं, पण थेंबांमुळे आतड्यातही बळ येतं आणि विषाणू शौचावाटे दुसऱ्या लेकरापर्यंत जात नाही. म्हणून पाच वर्षांखालच्या सगळ्यांना, आधी कितीही डोस झाले असले तरी. देशातला शेवटचा रुग्ण 2011 मध्ये हावड्याला सापडला, पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात पोलिओ अजून आहे. मला हे पटलं.

सासूबाईंनाही सोबत घेऊन अंगणवाडीत गेले आणि सरळ म्हटलं, "ताई, आधी बाटली दाखवा." ताईंना राग आला नाही. निळ्या डब्यातून काढलेली इवलीशी बाटली त्यांनी सासूबाईंच्या डोळ्यांपुढे धरली. लेबलावर एक जांभळट गोल असतो, त्यात फिका चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. उष्णता लागली की तो गडद होत जातो, गोलाच्या रंगाला भिडला की बाटली बाद. आमच्या बाटलीतला चौकोन पांढराफटक होता. प्रत्येक आईनं हे बघायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. विचारण्यात लाज कसली?

सासूबाईंनीच पोरीला मांडीवर घेतलं. दोन थेंब, डाव्या करंगळीला शाई, झालं.

निघताना आठवलं, कापूस वेचायला मेळघाटातून आलेल्या बाया लेकरांसकट शेतातच राहतात, रोजी बुडवून बूथवर कोण येईल? ताईंना ठिकाण सांगितलं. सोमवारी घरोघरची फेरी निघाली तेव्हा मीही त्यांच्यासोबत शेतात गेले. तिथंही ताईंनी आधी बाटली दाखवली, मगच लेकरांना थेंब पाजले.