फळ्यावरच्या २१ चौकटी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर उभा राहिला तो आमच्या वर्गाच्या फळ्याचा उजवा कोपरा. तिथे सरांनी खडूने २१ चौकटी आखल्या होत्या, कोंबडीची अंडी उबायला लागणाऱ्या २१ दिवसांच्या, दिवसाला एक. बाकीचा फळा दिवसातून चारदा पुसला जायचा. त्या कोपऱ्याला डस्टर लावायची कोणाची छाती नव्हती.

शाळेच्या कुंपणाला लागूनच आजींचं घर. नात्याने त्या कोणाच्याच आजी नव्हत्या, पण सगळी शाळा त्यांना आजीच म्हणायची. त्यांची तांबडी कोंबडी खुडूक झाली होती, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने बसूनच राहिली होती. खुराड्यातून उठेना, हात जवळ नेला की पिसं फुलवून टोचायला धावे. बसवायला आजींकडे अंडी मात्र नव्हती. सरांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी वर्गात सांगितलं, "ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी एकेक अंडं आणा. आठवड्यापेक्षा जुनं नको, आणि धुतलेलं तर मुळीच नको." धुतलं की कवचावरचा पातळ थर निघून जातो आणि बारीक छिद्रांतून जंतू आत शिरतात, हे मला तेव्हा कळलं. ११ अंडी जमली. प्रत्येकाने आपल्या अंड्यावर पेन्सिलीने आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं आणि आजींनी अंधार पडल्यावर, कोंबडी बिथरू नये म्हणून, एकेक करून ती तिच्या पोटाखाली सरकवली.

मधल्या सुट्टीत दोघादोघांचा पहारा असे. कोंबडी दिवसातून एकदाच उठायची. दाणे टिपायची, पाणी प्यायची, मातीत अंग घोळून घ्यायची आणि पंधरा-वीस मिनिटांत परत. तेवढ्या वेळात मांजर फिरकू द्यायचं नाही, हे आमचं काम. त्या अक्षरांमुळेच एक गोष्ट आमच्या लक्षात आली. आज वर दिसणारं अक्षर उद्या खाली गेलेलं असे, कडेचं अंडं मध्ये आलेलं असे. चोचीने ती अंडी सारखी फिरवत होती. तसं केलं नाही तर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटून बसतो, असं सरांनी सांगितलं. ज्या पक्ष्याला आम्ही जाता-येता हुसकावत होतो, त्याला हे कोणी शिकवलं असेल, या विचाराने मी कितीतरी दिवस चकित होतो.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत आजींनी एकेक अंडं बॅटरीच्या उजेडावर धरलं. मित्राच्या अंड्यात बारीक लाल शिरा पसरलेल्या होत्या आणि मधला काळा ठिपका हलत होता. माझं अंडं मात्र आरपार स्वच्छ दिसलं. आणखी एकाचंही तसंच. ती दोन्ही बाजूला काढली. मी रडकुंडीला आलो, तेव्हा आजी म्हणाल्या, "तुझं नसलं म्हणून पहारा सोडणार का, बाळा?" मी सोडला नाही.

आजींचा स्वभावच तसा. त्याच वर्षी माझी आई अंथरुणाला खिळली आणि आमची शेळी शेवटच्या महिन्यात होती. न बोलावता आजी आल्या आणि दोर सोडून शेळी आपल्या गोठ्यात घेऊन गेल्या. ती तिथेच व्याली, दोन करडं झाली. आई हिंडूफिरू लागल्यावर आजींनी तिघांनाही आमच्या दारात आणून बांधलं. आईने एक करडू ठेवून घ्यायचा आग्रह केला, तर म्हणाल्या, "सांभाळलं म्हणजे माझं झालं का गं?" आईने हे वाक्य मला इतक्यांदा सांगितलंय की ते आता आमच्या घरातलंच झालंय.

विसाव्या दिवशी संध्याकाळी पहाऱ्याला मी एकटाच होतो. कोंबडी जरा सरकली आणि मित्राचं 'स' लिहिलेलं अंडं मला दिसलं. त्याला भोक पडलं होतं, आतून चिवचिव येत होती, चोचीच्या टोकावरचा पांढरा दाणा दिसत होता. मग सगळं थांबलं. बराच वेळ हालचाल नाही. पिल्लू आत गुदमरतंय असं वाटून मी नखाने कवचाचा एक कपचा सोलला. पापुद्र्यावर रक्ताचा लाल थेंब आला. माझा हात थरथरत होता. मागून आजींनी मनगट धरलं. ओरडल्या नाहीत. "त्याला घाई नाही, तुला कशाला?" एवढंच म्हणाल्या आणि अंडं पुन्हा पंखाखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी नेमकं तेच शिकवलं. पहिलं भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तासही लागतात. त्या वेळात ते फुफ्फुसांनी श्वास घ्यायला शिकतं, पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात ओढून घेतं आणि उरलेला बलक पोटात सामावून घेतं. त्याच बलकावर पहिले दोन दिवस ते दाण्यावाचून राहू शकतं. आजींनी त्यांना काही सांगितलं होतं का, मी कधी विचारलं नाही. तासभर सरांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

दुपारपर्यंत आठ पिल्लं निघाली. एक अंडं तसंच राहिलं. शेवटचं पिल्लू 'स'चं, ओलं आणि लटपटत. एकविसाव्या चौकटीत सरांनी फुली मारली, तेव्हा वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गांनी खपवून घेतला.

मित्रा, तू ते पिल्लू ओंजळीत घेऊन नाचत होतास आणि मी आजींच्या मागे उभा होतो. तुला हे कधी सांगितलं नाही. तुझ्या अंड्याचा तो कपचा मी कंपासपेटीत कापसावर ठेवला होता. शाळा सुटली त्या वर्षापर्यंत तो तिथेच होता.