न कण्हणारी बॅटरी

"काका, मीटरसुद्धा लागत नाही. चावी फिरवली की काहीच नाही. तुम्ही बसवलेली ती लिथियम..."

वाक्य त्यानं अर्धंच सोडलं. डिसेंबरातला रविवार, सकाळचे पावणेसात, मी अजून गोधडीत. 'तुम्ही बसवलेली' हे दोन शब्द ऐकले आणि झोप उडाली.

वाईत पाचगणी रोडला माझं दुकान आहे. बोर्डावर ऑटो इलेक्ट्रिकल लिहिलंय, पण गावात मला वायरमनच म्हणतात. सत्तावीस वर्षं हेच काम. आधी ट्रॅक्टर आणि जीपचे डायनॅमो, मग दुचाक्या, आणि अलीकडं शनिवार-रविवारी पुण्याहून घाट चढायला येणाऱ्या मोठ्या गाड्या. फोनवरचा पोरगा त्यातलाच. हिंजवडीत कामाला, ३९० सीसीची सिंगल सिलिंडर गाडी. तीन आठवड्यांपूर्वी दुकानात आला होता, पुडक्यात लिथियम बॅटरी घेऊन. जुनी तीन किलोची, ही आठशे ग्रॅमची. हातात घेतली तर वाटलं, आत काही भरायचं विसरले की काय. मी बसवली, सेल्फ मारला, गाडी पहिल्या हिसक्याला लागली, पैसे घेतले. पाच मिनिटांचं काम. या पाच मिनिटांचा हिशेब पुढं येईलच.

तो आणि त्याचा मित्र महाबळेश्वरच्या अलीकडं तंबू ठोकून राहिले होते. तीसेक किलोमीटर. मी माझी नऊ अँपिअरची अ‍ॅसिडची बॅटरी, जंपरच्या वायरी आणि व्होल्ट मोजायचा मीटर पिशवीत घातला, कानटोपी चढवली आणि निघालो. वेण्णा लेकच्या बाजूला गवतावर दव गोठून पांढरं पडलं होतं. जीपच्या टपावरही तेच. पेपरात दरवर्षी फोटो येतो ना, तसंच. मनात म्हटलं, झालं, कारण सापडलं. लिथियमला थंडी सोसत नाही, हे मला ऐकून माहीत होतं. गारठ्यात तिच्यातली रसायनं आळसावतात, पहिला सेल्फ मरगळलेला बसतो. अशा वेळी दोन मिनिटं फॉग लाइट लावून ठेवायचे. तेवढ्या करंटनं सेल आतून कोमट होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला गाडी लागते. अ‍ॅसिडच्या बॅटरीच्या बरोबर उलटं. तिला सकाळी असं काही करायला लावलं, तर उरलासुरला जीवही जायचा.

पण थंडीनं बॅटरी मरगळते, गायब होत नाही. मी टर्मिनलला मीटर लावला आणि आकडा आला शून्य पूर्णांक काहीतरी.

मी पिना पुसल्या, पुन्हा लावला. तेच. सत्तावीस वर्षांत मी मेलेल्या बॅटऱ्या ढिगानं बघितल्यात. फुगलेल्या, सुकलेल्या, आत प्लेट तुटलेल्या. पण मेलेलीसुद्धा आठ-दहा व्होल्ट दाखवते. नुसतं शून्य कुणी दाखवत नाही. मग लक्षात आलं, की मी बॅटरी मोजतच नाहीये, तिच्या दारावरचा राखणदार मोजतोय. या डब्यात चार सेल एकामागं एक जोडलेले असतात, प्रत्येकी ३.२ व्होल्टचे, मिळून १२.८. त्यांच्यावर एक छोटं सर्किट बसलेलं असतं, बीएमएस म्हणतात. सेल फार उतरले की ते आतून दार लावून घेतं. बाहेरून बघणाऱ्याला बॅटरी मेलेली, आतून मात्र ती जीव राखून बसलेली असते. दार लावणं चांगलंच. हे सेल पार रिकामे झाले आणि वर कुणी जोरात चार्ज केले, तर आतमध्ये शॉर्ट होऊ शकतात.

"रात्री काय काय लावलं होतंस?"

"काही नाही काका. फक्त फोन चार्जिंगला. दोघांचे. आणि तंबूत ती एलईडीची माळ."

"यूएसबीचं सॉकेट चावीवर आहे की डायरेक्ट?"

"डायरेक्ट."

तिथंच, शेकोटीच्या राखेजवळ उकिडवं बसून, मी त्याला हिशेब सांगितला. डब्यावर मोठ्ठ्या आकड्यात १२ छापलेलं आहे आणि शेजारी बारीक अक्षरात 'समतुल्य'. म्हणजे सेल्फ मारताना ही १२ अँपिअर-तासांच्या अ‍ॅसिडच्या बॅटरीइतका दणका देईल, पण पोटात खरा साठा चारच्या आसपास. एक मोठा फोन रिकाम्यापासून भरायला, मधला तोटा धरून, दीड ते दोन अँपिअर-तास खातो. दोन फोन, वर माळ, वर सीटखाली लपवलेला जीपीएस ट्रॅकर. झाले चार. ट्रॅकरचा करंट मी मोजला, पंचवीस मिलिअँपिअर. ऐकायला चिल्लर, पण दिवसाला ०.६ अँपिअर-तास. गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये उभी राहिली, तर तो एकटा ही बॅटरी संपवेल. जुन्या बॅटरीत हे सगळं पचून जात होतं, म्हणून कधी कळलं नाही.

पोरगं ऐकत होतं. मित्र मागून म्हणाला, "दोन किलो वाचवलेस आणि मागं तीस किलोचं सामान बांधलंस." मला बोलायचं नव्हतं, त्यानं बोललं ते बरं झालं.

माझी बॅटरी जोडली, राखणदारानं दार उघडलं, गाडी लागली. इंजिन चालू असताना मीटर बघितला. आयडलला १३.४, थोडा एक्सलेटर पिळला तर १३.६. म्हटलं, चार्जिंग व्यवस्थित आहे. चहा घेतला, पैसे नको म्हणालो आणि खाली आलो. घाट उतरताना मी स्वतःवर खूश होतो, हे कबूल करायला हवं.

साडेअकराला ते दोघं दुकानासमोर आले. त्याची गाडी बंद, मित्र आपल्या गाडीवरून तिला पाय लावून ढकलतोय. पोरग्याचा चेहरा पांढरा. पाचगणीत नाश्ता करून पसरणी घाट उतरायला लागले. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनचा ब्रेक धरून, शहाण्यासारखा उतरत होता. तिसऱ्या-चौथ्या वळणावर मीटर लुकलुकला, हेडलाइट क्षणभर भक्कन पांढरा झाला आणि गेला, ब्रेकच्या एबीएसचा दिवा लागला आणि इंजिन बंद. कडेला घेतली, दोन मिनिटांनी सेल्फ मारला, लागली. दोन वळणांनी पुन्हा तेच. मागं एसटी होती. त्यानंतर त्यानं गाडी चालू करायची हिंमत केली नाही, न्यूट्रलला टाकून घाट उतरला. न्यूट्रलला घाट उतरलास म्हणून मी आधी त्याला झापलं. मग मीटर घेतला.

१३.६. बॅटरी ठणठणीत. सकाळी शून्य दाखवणारी, आता भरलेली.

इथं मला घाम फुटला, कारण आता थंडीचा आणि फोनचा हिशेब उपयोगाचा नव्हता. मी त्याला विचारलं, काल येताना असं काही झालं होतं का? आधी नाही म्हणाला. मग आठवून म्हणाला, "खंबाटकी घाट चढताना ट्रकच्या मागं अडकलो होतो. ओव्हरटेक केला तेव्हा मीटर एकदा लुकलुकला. मला वाटलं खड्डा."

"फॉग लाइट चालू होते?"

"ओव्हरटेक करताना बंद केले होते, समोरच्याला त्रास नको म्हणून. नंतर लावले ते थेट वरपर्यंत."

"आणि आज घाटात?"

"आज दिवसाच कशाला लावू?"

तोवर मी माझी भरलेली अ‍ॅसिडची बॅटरी त्याच्या गाडीला लावायला घेतली होती. फॉग बंद. इंजिन चालू. आयडलला १४ व्होल्ट. तीन हजार आरपीएमला १४.६. पाच हजारला १५.७.

दुकानातल्या पोऱ्याला म्हटलं, पुन्हा पीळ. पुन्हा १५.७, आणि चढतोच आहे. बंद कर म्हणालो.

रेग्युलेटर गेला होता. पुरता गेला असता तर कधीच कळलं असतं. अर्धवट गेला होता, तेच वाईट. इंजिनवर वीज तयार करणाऱ्या कॉइलमधून येणारा जास्तीचा करंट रेग्युलेटरनं अडवायचा असतो, १४.५ च्या वर जाऊ द्यायचं नसतं. तो कमी आरपीएमला अडवत होता, वर सोडून देत होता. फॉग लाइट चालू असले की जास्तीचं त्यांत खपायचं. आणि सकाळी मी वर मोजलं तेव्हा बॅटरी रिकामी होती. रिकाम्या हौदात कितीही जोरात पाणी सोडा, ते काठाला लागत नाही. म्हणून मला १३.६ दिसले. पाचगणीपर्यंत हौद भरला आणि घाटात सांडायला लागलं. लिथियमचे चार सेल पूर्ण भरतात ते १४.६ च्या आसपास. त्यावर गेलं की राखणदार चार्जिंगचं दार बंद करतो, आणि त्याचं बरोबरच आहे. पण दार बंद झालं की जास्तीचा व्होल्टेज झेलायला कुणी उरत नाही, आणि तो थेट हेडलाइट, ईसीयू म्हणजे इंजिनचा मेंदू, एबीएस यांच्या अंगावर जातो. एलईडी हेडलाइट त्यातच गेला. ईसीयू वाचला, हे नशीब.

तीन पिवळ्या वायरींचा कपलर काढून कॉइल तपासली. तिन्ही जोड्यांमध्ये एसी व्होल्टेज सारखा, बॉडीला कुठं लागत नव्हता. कॉइल चांगली. पोऱ्याला साताऱ्याला पिटाळलं नवीन रेग्युलेटर आणायला.

तो येईपर्यंतचे दोन तास मला नको होते. कारण तेवढ्यात माझी नजर भंगाराच्या कोपऱ्यात गेली. भंगारवाला महिनाभर फिरकला नव्हता. त्याच गाडीची जुनी बॅटरी तिथंच पडलेली होती. मी उचलून उजेडात आणली. दोन्ही कुशी बाहेर आलेल्या, वरची पट्टी एका बाजूनं उचकटलेली. हलवली तर कोरडी ठणठणीत. म्हातारी होऊन मेलेली बॅटरी अशी दिसत नाही. ही उकळून मेली होती. पंधरा-सोळा व्होल्ट मुकाट गिळत, स्वतःतलं पाणी जाळत तिनं हेडलाइट आणि ईसीयू सांभाळले होते. वय चौदा महिने. आणि तीन आठवड्यांपूर्वी पोरग्यानं मला सांगितलंही होतं: "काका, आठवडाभर सेल्फ जड मारतोय, कट-कट वाजतो." मी म्हटलं, असू दे, नवीन आणलीच आहेस. चौदा महिन्यांत का गेली, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही आणि स्वतःलाही नाही. बसवल्यावर पाच हजारला मीटर लावला असता, तर एका मिनिटात कळलं असतं.

मी ती फुगलेली बॅटरी टेबलावर ठेवली आणि त्याला हे सगळं सांगितलं. लपवता आलं असतं. 'लिथियम खराब निघाली' म्हटलं असतं, तर त्यानं विश्वास ठेवला असता. लोकांचं तसंही तेच मत आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे बॅटरीचा दोष नाही?"

तेही खरं नव्हतं. दोष तिचा एकच, आणि आमच्या धंद्यात तो मोठा आहे. अ‍ॅसिडची, म्हणजे शिशाची बॅटरी १८५९ पासून आहे, फ्रान्सच्या प्लांतेनं केली. इतक्या वर्षांत माणसाला तिचं कण्हणं ओळखीचं झालंय. सेल्फ जड होतो, हॉर्न बसका येतो, इंडिकेटर मंदावतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी ती आठवडाभर आधी सांगते. हिच्या सेलमधलं लिथियम आयर्न फॉस्फेट १९९६-९७ च्या सुमारास टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत निघालं. फोनमधल्या कोबाल्टच्या सेलपेक्षा हे पुष्कळ शांत, सहजी पेट घेत नाही. गुडइनफ यांना नोबेल मिळालं २०१९ ला, वयाच्या ९७ व्या वर्षी. मोठं काम, वाद नाही. पण ही बॅटरी भरलेली असो की पाव उरलेली, मीटरवर १३ च्या आगेमागेच दाखवते. काही सांगत नाही. थेट दार लावते.

त्याला ते पटेना. "थोडी तरी खूण असेलच ना?"

मी जुना ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब काढला आणि त्याच्या लिथियमला जोडला. साडेचार अँपिअर घेतो हा. बॅटरी घाटातच गच्च भरलेली होती, त्यामुळं परीक्षा चोख. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं. समोरून वडापाव मागवले. बल्ब पांढराशुभ्र जळत होता. दीडला तसाच. पावणेदोनला तसाच. मित्र म्हणाला, डब्यावर बारा लिहिलंय, अजून दीड-दोन तास चालेल. पोऱ्या रेग्युलेटर घेऊन आला, मी तो बसवला, माझ्याच बॅटरीवर तपासला. पाच हजारला १४.३. फॉग लावून, फॉग बंद करून, दोनदा बघितलं. रेग्युलेटरचे पैसे मी घेतले नाहीत. हेडलाइटचे निम्मे देतो म्हणालो, तर तो नको नको करत होता. शेवटी घेतले.

आम्ही पैशाचं बोलत होतो आणि पाठीमागचा उजेड गेला. मंद झाला नाही, पिवळा पडला नाही. होता, आणि नव्हता.

एक वाजून एकोणसाठ मिनिटं. एकोणपन्नास मिनिटं, म्हणजे पावणेचार अँपिअर-तासांच्या जरा आत.

पोरगं बल्बकडं बघत राहिलं. मग त्यानं त्याच्या गाडीला जोडलेली माझी अ‍ॅसिडची बॅटरी बोटानं दाखवली.

"ही कितीला देता?"