आमची वाटचाल, पद्मिनीच्या इंजिनापासून

सुरुवातीला गॅरेज वगैरे काही नव्हतं. कोल्हापुरात घरामागं पत्र्याची शेड, तिथं मी आणि माझा दोस्त नोकरीवरनं आलो की वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचं, म्हणजे जुन्या फियाटचं, इंजिन खोलून बसायचो. 1089 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75 मिमी, ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे एकदा पाण्याविना तापलं की हेड वाकलंच, हे तुम्हाला काय सांगायचं. दोस्त उद्यमनगरात लेथवर वाढलेला, त्याच्या मायक्रोमीटरला तो आजही कुणाला हात लावू देत नाही, मलासुद्धा नाही. क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) धरून ठेवणाऱ्या मेन कॅपवर पंचनं खुणा करणं, व्हॉल्व्ह पेस्ट लावून हातानं घासणं, प्रत्येक पिस्टनची रिंग आधी रिकाम्या बोअरमध्ये सरकवून फिलर गेजनं (पातळ पट्ट्यांच्या मापानं) गॅप बघणं, ही सगळी शिस्त त्याची.

ती गाडी सुरू झाली, लोक यायला लागले, शेडवर बोर्ड लागला. पुढची काही वर्षं बरी गेली.

मग एका गाडीचा क्रँक तुटला. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका आमचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक, त्यांची पद्मिनी आंबोली घाटात थांबली ती थांबलीच. क्रँक ग्राइंडिंग, म्हणजे झिजलेला क्रँक घासून मापात आणणं, आम्ही बाहेरून एका शेटकडून करून घेतलं होतं, गावातलं मोठं नाव, नाव नको. त्या शेटनी आम्ही विचारायच्या आधीच गावभर सांगितलं की पोरांनी ऑइल कमी घातलं. हातात होती ती कामं परत गेली, अ‍ॅडव्हान्स परत द्यावे लागले, दोस्ताच्या घरी तर पुन्हा नोकरी बघ म्हणून रोज कटकट.

काका आले, तुटलेला तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, "अरे, ह्याला रेडियसच ठेवलेला नाही." जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, मापात अगदी बरोबर, पण कडेचा गोल रेडियस घाईत उडवून सरळ काटकोन काढलेला, तिथंच ताण साठतो आणि तडा हळूहळू आत जातो, तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. बेअरिंग बघा म्हटलं, एक ओरखडा नाही. ऑइल कमी असतं तर बेअरिंग आधी जळलं असतं की नाही? हे त्या शेटना दाखवायला गेलो तर चहासुद्धा विचारला नाही.

काकांनी दुसऱ्या क्रँकचे पैसे स्वतः पुढं केले आणि गाडी आमच्याकडेच ठेवली, त्यावर आम्ही उभे राहिलो.

तेव्हा बाबांनो, क्रँक ग्राइंडिंगहून आला की नुसती साइज बघू नका, रेडियस गेज लावून कडेची गोलाईही तपासा, क्रँकमधली ऑइलची भोकं रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं स्वतः धुवा, मशीनवाल्यावर सोडू नका. आणि रेडिएटर जुनाच ठेवून इंजिनावर पैसे घालणारे मला कळत नाहीत.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली तेव्हापासून सगळ्यांना पद्मिनीचं प्रेम फुटलंय. त्या शेटच्या दुकानावरही आता ‘जुन्या फियाटचे स्पेशालिस्ट’ असं लिहिलंय. आमचे ग्राइंडिंगचे पैसे मात्र त्यांनी अजून परत दिलेले नाहीत.