बुजवलेली भेग

पाटण तालुक्यातल्या एका वाडीवरून फोन आला, तेव्हा मी कराडात एका प्लॉटच्या हद्दी दाखवत होतो. "वरच्या अंगाला जमीन फाटलीया, येऊन बघून जावा." वाडीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. मी या भागातलाच, पण नोकरी चंद्रपूर-वणीकडच्या भूमिगत कोळसा खाणींत झाली, सर्व्हेअर म्हणून. आपल्या साताऱ्यात कोळसा औषधालाही नाही, खाली सगळा काळा पाषाण. तरी जमिनीला भेग म्हटलं की लोकांना मीच आठवतो.

पोचलो तर भेग बुजवलेली. दगड, मुरूम, वर माती आणि त्यावरून जेसीबीचं बकेट दाबलेलं. "बुजली की आता," वाडीतले आबा म्हणाले. मग मला कशाला बोलावलंत, हे तोंडावर आलं होतं.

खाणीवर आम्हीही भेगा बुजवायचो. कोळशाचे खांब आधी ठेवतात आणि शेवटी तेही काढतात. मागे उरलेल्या पोकळीत, म्हणजे गोफात, छत पडलं की वरचं शेत खोलगट होऊन बसतं. तीन मीटर थर काढला तर जमीन दीड मीटरहून जास्त बसू शकते. तीच पोकळी वाळू आणि पाण्याने भरली तर बसणं अगदी थोडक्यावर येतं. पण वाळूचा खर्च साहेब लोकांच्या डोळ्यांत येतो, त्यामुळे त्या फायलीला फाटे फार फुटतात. भेगा पडतात त्या खोलगटाच्या कडेला, जिथं जमीन ताणली जाते. खाली काम पुढे सरकलं की तीच पट्टी दाबाखाली येते आणि भेग पुष्कळदा आपली आपण मिटते. उरलेल्या भेगा पावसाआधी बुजवायच्याच. एक तर पाणी खाली कामावर उतरतं आणि दुसरं म्हणजे हवा गोफात शिरून राहिलेला कोळसा आपसूक तापतो, पेटतो. मात्र बुजवण्याआधी प्रत्येक भेग मोजून नकाशावर चढवायची. त्याशिवाय फावड्याला हात लावू द्यायचा नाही, यावर मी ओव्हरमनशीही, म्हणजे खाणीतल्या मुकादमाशीही, भांडलोय.

इथं मोजण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. पाणी आत जाऊ नये म्हणून भेग बुजवली हे बरोबरच, पण किती रुंद होती यावर तिघांनी तीन मापं सांगितली. एक जण वीत म्हणाला, एक जण हात. तिसऱ्याने तर ती १९६७ च्या भूकंपापासूनच आहे असं ठोकून दिलं.

मग शेजारचा दगडी ताल सापडला. नाचणीच्या पडीतला जुना, सरळ रेषेतला बांध. बुजवलेल्या पट्टीवर येऊन तो तुटला होता आणि पुढचा भाग उताराकडे चार बोटं सरकून वीतभर खाली बसला होता. तुटलेल्या दगडांच्या कडांवर शेवाळ नव्हतं, म्हणजे दुखणं ताजं. पट्टीची दोन्ही टोकं खाली वाडीकडे वळलेली. त्याखालचा झरा चार दिवस गढूळ येतोय, हे पाणी भरणाऱ्या बायकांनी सांगितलं. पुरुषांपैकी कुणाला त्याचा पत्ताच नव्हता. खाणीवरची जमीन बसते. ही निघाली होती.

बरोबर आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला एका ओळीचा कागद हवा होता, 'धोका आहे' किंवा 'धोका नाही'. २०२१ च्या जुलैत याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या, माणसं गाडली गेली. तेव्हापासून 'आहे' म्हटलं तरी कुणाची तरी झोप उडते आणि 'नाही' म्हटलं तरी. वरच्या आळीला पुनर्वसन पाहिजे. खालच्या आळीला खाचरं सोडवत नाहीत, शिवाय धोक्याचा शिक्का बसला की घरकुल अडकेल ही धास्ती. दोन्हीकडची माणसं मला वेगवेगळी गाठून चहा पाजत होती.

खाणीत घराखाली किंवा घरापासून ४५ मीटरच्या आत काम करायचं तर वेगळी परवानगी लागते. नकाशा असतो, खोली माहीत असते, कुठवर काढलंय ते माहीत असतं. इथं कातळ किती खाली आहे, त्यावरची माती कुठल्या थरावरून घसरतेय, यातलं एकही मला ठाऊक नव्हतं. एका ओळीत काय लिहू?

गवंड्याची पाण्याची नळी मागवली. पट्टीच्या वर दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या, खाली एक. तिन्ही अंतरं टेपने घेतली की जमीन रुंदावतेय का आडवी सरकतेय ते कळतं आणि नळीने खाली किती बसली ते कळतं. शाळेच्या भिंतीवरच्या तड्यावर सिमेंटची पातळ चकती लावून तारीख टाकली, ती तडकली की तडा वाढतोय. कागदावर लिहिलं: रोज माप घ्या, पावसात अंतर वाढलं, झरा पुन्हा गढूळला किंवा अचानक आटला, तर खालची घरं त्याच रात्री रिकामी करा, भूवैज्ञानिकाला बोलवा. कर्मचारी म्हणाला, "सायेब, असा रकाना न्हाय." मी पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं.

तो कागद पुढे गेला का, माहीत नाही. मापं मात्र येतात. सातवीतली एक मुलगी टेप धरते आणि आईच्या फोनवरून आकडे पाठवते, मिलिमीटरमध्ये. सध्या उघडीप आहे आणि आकडे जागचे हललेले नाहीत. उघडिपीतल्या आकड्याला अर्थ नसतो, हे मी तिला समजावलं. तिला ते पटलं. आबा मात्र तेच आकडे दाखवत "बघा, थांबली" म्हणत वाडीभर हिंडतायत.