आमची वाटचाल: पुरानंतर पुन्हा उघडलेलं दुकान

चिपळुणात जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून गणपतीपर्यंत दोरीवरची चादर तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागते आणि तिला कुबट वास मारतो. या एका गोष्टीवर आमचं वॉशिंग मशीन आणि ड्रायर दुरुस्तीचं दुकान 1998 पासून उभं आहे.

मी दादरला एका वर्कशॉपमध्ये सहा वर्षं काम शिकलो आणि गावी परत आलो. बाजारपेठेत दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला. सोबत गावातलाच एक मित्र भागीदार म्हणून होता. तो गिऱ्हाईक सांभाळायचा, मी मशीन उघडायचो. सुरुवातीच्या दिवसांत स्पेअर पार्टसाठी रात्रीची एसटी पकडून मुंबईला जायचो, दिवसभर लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रिक सामानाचा बाजार पालथा घालायचो आणि रात्रीच्याच गाडीने परत यायचो. पिशवीत मोटर सुरू करणारा कपॅसिटर, ड्रायरच्या ब्रेकची वायर, पाणी अडवणारा रबरी बेलो. त्या पिशवीवर महिना निघायचा.

आमच्याकडे ड्रायर म्हणजे दोन वेगळ्या वस्तू. घरोघरी सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या उजव्या टबाला ड्रायर म्हणतात. तो खरा स्पिनर, मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेऊन पाणी काढतो, कपडे वाळवत नाही. लॉज, दवाखाने आणि अलीकडे काही बंगले यांच्याकडे असतो तो गरम हवेचा. म्हणून फोनवर "ड्रायर बंद पडलाय" ऐकलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सेमीचा की गरम हवेचा?"

हत्यारांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काट्याचा जुना मल्टिमीटर, बेअरिंग पुलर, दहा नंबरचा लांब बॉक्स पाना, आणि सगळ्यांत आधी सीरिज बोर्ड. लाकडी पाटीवर शंभर वॅटचा पिवळा बल्ब आणि त्याच्याशी सीरिजमध्ये एक सॉकेट. हा बोर्ड दादरच्या उस्तादांनी निघताना मला दिला. बाहेरून आलेलं मशीन थेट मेन लाइनवर लावायचं नाही, आधी सीरिजवर. मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, ठीक असेल तर बल्ब मंद पेटतो, शॉर्ट असेल तर लख्ख. यात एक खोच आहे आणि ती मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवतो. गरम हवेच्या ड्रायरचा हीटर लावला की बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो आणि पोरगा म्हणतो, "हीटर शॉर्ट." तो शॉर्ट नसतो. दोन हजार वॅटच्या हीटरचा रोध 26 ओहमच्या आसपास, शंभराच्या तापलेल्या बल्बाचा पाचशेच्या वर. बल्बाला हीटर आडवा येतच नाही. असे किती चांगले हीटर या भागात भंगारात गेले असतील!

लॉजवाल्या काकी आमच्याकडे आल्या त्या 2003 साली. गुहागर रस्त्याला त्यांचं आठ खोल्यांचं लॉज, चादरी-टॉवेलांसाठी एक गरम हवेचा ड्रायर. तो सारखा बंद पडायचा. दुसऱ्या एका मेकॅनिकने "कायमचा दुरुस्त करून देतो" म्हणून थर्मल फ्यूज (फार तापलं की उडून वीज तोडणारा) काढून तिथे तांब्याची तार जोडली होती. मी मागचा पत्रा काढला तर हीटरभोवतीचं लिंट, म्हणजे कपड्यांचा सुटलेला कापूस, तपकिरी पडलेलं, कडेला काळं. भिंतीबाहेर गेलेल्या पाइपाच्या तोंडाशी चिमणीने घरटं केलं होतं. गरम हवा बाहेर पडत नव्हती, आत तापमान चढत होतं आणि फ्यूज इमानदारीने उडत होता. रोग पाइपात होता आणि शिक्षा फ्यूजला. पाइप साफ केला, तोंडाला झडप बसवली, नवीन फ्यूज टाकला. काकींना ते जळकं लिंट तळहातावर ठेवून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाबू, आजपासून या मशीनला दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही." तो शब्द त्यांनी आजपर्यंत पाळला आहे.

2005 च्या 26 जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी दुकानात आलं. माल माळ्यावर चढवला होता, निभावलं. पाण्याची रेघ भिंतीवर तशीच ठेवली, खुणेसाठी. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षं काम चालू होतं, दोन पोरं हाताखाली आली, मुलीचं शिक्षण झालं.

मग 22 जुलै 2021. आदल्या रात्री आम्ही दोघा भागीदारांनी आणि पोरांनी 2005 ची रेघ बघून सगळं त्याच्या वर दोन हात चढवलं. पहाटे पाणी शिरलं ते रेघ ओलांडून, माळा ओलांडून वर गेलं. लाइट नाही, फोन नाही. घर उंचावर म्हणून आम्ही वाचलो. दुसऱ्या दिवशी दुकानाशी पोहोचलो तर शटर गाळाने आतून दाबलेलं, तीन माणसांनी पहार लावून उचललं. आत गिऱ्हाइकांच्या 31 मशिनी होत्या. आमच्या नव्हेत, लोकांच्या. हे ज्याने अनुभवलं नाही त्याला समजणार नाही. स्वतःचं बुडालं तर माणूस रडतो आणि मोकळा होतो. दुसऱ्याचं बुडालं की उत्तर द्यावं लागतं.

नोंदवहीचा लगदा झाला होता. मशिनींच्या मागे आम्ही ऑइल पेंटने नंबर टाकायचो, ते शाबूत होते, पण कुठला नंबर कोणाचा हे वहीत. वहीचे फोटो भागीदाराच्या फोनमध्ये होते, दर शनिवारी तोच काढायचा. मी मागितले. तो म्हणाला, फोन पुरात गेला. दोन आठवड्यांनी म्हणाला, आता यात काही राम नाही, माझा हिशेब कर. दिवाळीच्या आधी त्याने हायवेच्या बाजूला स्वतःचं दुकान टाकलं आणि आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना त्याचे फोन गेले, नावानिशी, कोणाचं कुठलं मशीन ते सांगून. ते नंबर कुठून आले हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही. तेवीस वर्षं एका डब्यातलं जेवलो होतो. त्याच्याकडूनच बाजारात पसरलं की आम्ही पुरातल्या मशिनी नुसत्या पुसून परत देतो. हे मला आजही बोचतं, म्हणून आम्ही काय केलं ते इथे लिहून ठेवतो.

प्रत्येक मोटर उघडली. गाळ साध्या स्वच्छ पाण्याने धुतला, कारण तो सुकला की वाइंडिंगमध्ये बसतो आणि मग निघत नाही. बेअरिंग सरसकट नवीन. पण जुलै महिना, ऊन नाही, वीज नाही, मोटर वाळवायची कुठे? काकी पाचव्या दिवशी स्वतः चालत आल्या. चिखलात साडी घोट्याच्या वर धरून दारात उभ्या राहिल्या, आत बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "बंबाची खोली रिकामी करून ठेवलीय." लॉजवर अंघोळीचं पाणी तापवायला लाकडाचा मोठा बंब आहे. त्या खोलीत लोखंडी मांडणीवर आम्ही मोटरी रांगेने ठेवल्या. अकरा दिवस काकींनी रात्रंदिवस बंब विझू दिला नाही. रात्री उठून त्या मोटरींची बाजू फिरवायच्या, भाकरी उलटावी तशी. त्या 31 मशिनींत त्यांचा स्वतःचा ड्रायरही होता. त्याबद्दल अकरा दिवसांत एकदाही विचारलं नाही.

वाळल्यावर वार्निश, पुन्हा शेक, मग वीज अंगाला झिरपते का ते तपासायला 500 व्होल्टचा मेगर. एक मेगओहमच्या खाली दाखवलं ते वाइंडिंग पुन्हा भरलं, तसंच कोणालाही दिलं नाही. 31 पैकी 22 मशिनी चालू झाल्या. नऊ गेल्या, बहुतेक फुल ऑटोमॅटिक, त्यांचे पीसीबी, म्हणजे आतले सर्किट बोर्ड, संपले होते. त्या नऊ जणांना जुन्या मशीनची किंमत आम्ही हप्त्याने दिली, शेवटचा हप्ता 2022 च्या दिवाळीत. विम्यातून आमच्या स्वतःच्या सामानाचे थोडे मिळाले, गिऱ्हाइकाच्या मालाचा पॉलिसीत उल्लेखच नव्हता. दुरुस्तीचं दुकान असेल त्याने आज घरी जाऊन आपली पॉलिसी काढावी आणि ताब्यातला दुसऱ्याचा माल त्यात धरलाय का ते वाचावं.

आता घरच्या घरी बघण्यासारखं सांगतो. कोणी विचारलेलं नाही, पण अर्ध्या फोनांना माझी गरजच नसते.

आधी प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा. सेमीचा ड्रायर फिरत नसेल तर झाकण नीट बसलंय का बघा, झाकणाखाली स्विच असतो. मोटर घूं करते, टब जड फिरतो आणि रबर जळल्याचा वास येतो, तर ब्रेक वायर ढिली झाली किंवा तुटली. झाकण लावलं की ती वायर ब्रेक सोडवते, तीच तुटली तर ब्रेक लागलेलाच राहतो. मोटर घूं करते आणि प्लग काढून हाताने टब मोकळा फिरतो, तर बहुतेक कपॅसिटर. दोन्ही कामं दीड-दोनशेच्या सामानाची, त्यासाठी नवीन मशीन घ्यायला सांगणाऱ्याला दारातून परत पाठवा. मात्र कपॅसिटरला स्वतः हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. टब अडकतच असेल तर फटीत बॅटरी मारा, बहुधा लहान मुलाचा मोजा सापडेल. कपड्यांवर ठेवायची जाळीची चकती लोक पहिल्या महिन्यात हरवतात, ती याचसाठी असते.

गरम हवेच्या ड्रायरला कपडे ओले राहतात ही तक्रार आली की मी आधी व्होल्टेज विचारतो. आमच्याकडे पावसात ते 180 वर येतं. 230 ला दोन हजार वॅट देणारा हीटर 180 ला बाराशेच्या आसपास देतो, मशीनचा काही दोष नाही, वेळ वाढवा. मग फिल्टर, प्रत्येक फेरीनंतर. मग बाहेरचा पाइप. कपडे वाळले की आपोआप थांबणारं ऑटो मशीन ओले कपडे असतानाच थांबत असेल तर ड्रमच्या आतल्या दोन धातूच्या पट्ट्या व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने पुसा, सॉफ्टनरचा थर बसून सेन्सर फसतो. आवाज येतो पण ड्रम फिरत नाही, तर बहुतेक पट्टा तुटलाय. कंडेन्सरवाल्याची, म्हणजे वाफेचं पाणी आतच साठवणाऱ्या ड्रायरची, पाण्याची टाकी रिकामी करा आणि कंडेन्सर निघत असेल तर नळाखाली धुवा. हीट पंपवाल्यात फ्रिजसारखा गॅस असतो, त्याचं काम घरी करू नका.

आणि फ्यूजच्या जागी तार कोणालाही जोडू देऊ नका. फिल्टरमधलं लिंट किती पटकन पेटतं ते बघायचं असेल तर काकींकडे बघावं. त्या ते डब्यात साठवतात आणि पहाटे बंब पेटवायला वापरतात. एक काडी, रॉकेल लागत नाही.

त्यांचा ड्रायर अजून तोच आहे. पुरानंतर मोटर एकदा भरली, पट्टा दोनदा बदलला. गेल्या मे महिन्यात त्यांनी फोन केला, "बाबू, पाऊस यायच्या आत एकदा बघून जा." मी सीरिज बोर्ड घेऊन गेलो. बोर्ड पुरात बुडाला होता, पाटी नवीन लाकडाची केली आहे, होल्डर उस्तादांचाच.