आमची वाटचाल : आधी धुराची वाट

आमचं दुकान मुळात पुण्याच्या शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. तांबट आळीतले कारागीर तांब्याचे बंब घडवायचे आणि न्हाणीघरातला धूर बाहेर काढणारं पत्र्याचं धुराडं लोक आजोबांकडून करून घ्यायचे. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं आणि दुकान गाळानं भरलं. पत्रे वाया गेले, पण कात्र्या आणि ऐरण जागच्या जागी सापडली. त्याच हत्यारांवर धंदा पुन्हा उभा राहिला. पुढे घरोघरी गिझर आले, बंब माळ्यावर गेले. वडिलांनी खानावळींचे हूड आणि बेकऱ्यांची धुराडी धरली. मी २००९मध्ये कामावर आले तोवर कामाची शेड शिवणे गावात हलली होती.

इथवरचं सगळं आमच्या माहितीपत्रकात आहे. पुढचं नाही.

२०१७च्या डिसेंबरात लष्कर भागातल्या एका दगडी बंगल्याचं काम आलं. दिवाणखान्यात जुनी फायरप्लेस होती आणि तिथे राहणाऱ्या काकूंच्या मुलानं परदेशातून तिच्यासाठी वूड स्टोव्ह इन्सर्ट पाठवला होता. इन्सर्ट म्हणजे फायरप्लेसच्या कोनाड्यात सरकवायची लोखंडी पेटी, पुढे काचेचं दार. उघड्या शेकोटीतली बरीचशी ऊब धुराड्यातून निघून जाते, ती या पेटीमुळे खोलीत राहते. पुण्यात हे कशाला, असं मला तेव्हाही वाटलं होतं. पण जानेवारीत पारा १०च्या खाली उतरतो, दगडी भिंती दिवसभर गारठलेल्या असतात आणि काकूंचे गुडघे त्या भिंतींपेक्षा जुने.

आम्ही पेटी सरकवली, वर २ फूट पाइप जुन्या विटांच्या धुराड्यात सोडला, कडेची फट सिमेंटनं लिंपली, बिल केलं आणि निघालो. पंधरा दिवसांत काकूंचा फोन. "अगं, माझ्या माहेरच्या बंबाला तुझ्या आजोबांनी केलेलं धुराडं होतं. ते चाळीस वर्षं धूर ओढत होतं. तुझं चाळीस मिनिटं ओढत नाही."

मी आधी लाकडांवर ढकललं. लाकडं खरंच ओली होती, वखारीतून आणून थेट आत घातलेली. सुकी लाकडं आणली, तरी धूर तसाच. दोष आमचा होता, आणि तो शाळेतल्या गणिताचा होता. पेटीचं तोंड ६ इंची गोल, म्हणजे साधारण २८ चौरस इंच. विटांचं धुराडं १२ बाय १२, म्हणजे १४४. पाचपट जागा मिळाल्यावर धूर पसरतो, मंदावतो, गार होतो आणि ओढ मरते. वर त्या गार भिंतींवर डांबरासारखी काजळी बसते. तिनं कधी पेट घेतला तर घराला धोका.

दुसरी चूक सांगायला जास्त लाज वाटते. धूर वर जातो म्हणून आमच्या फिटरनं खालचा पाइप वरच्याच्या आत बसवला होता. हवं उलटं : वरचा पाइप खालच्याच्या आत, म्हणजे पाझरणारं डांबर आतल्या आत उतरून पेटीत पडतं. पन्हाळीच्या पाइपाला आम्ही तीन पिढ्या असंच करत आलो आहोत, पण परदेशी पेटी समोर आली आणि घरचं शहाणपण बुजलं.

एवढं समजूनही एक कोडं उरलं होतं. धूर संध्याकाळी सातच्या सुमारासच जास्त का यायचा? ते काकूंनीच सोडवलं. फोडणीची वेळ! स्वयंपाकघरातली इलेक्ट्रिक चिमणी सुरू झाली की ती घरातली हवा बाहेर ओढायची, खिडक्या थंडीमुळे बंद, मग घर तेवढी हवा फायरप्लेसच्या वाटेनं आत खेचायचं. तिच्याबरोबर धूर, आणि धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, ज्याला ना रंग ना वास. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुरुस्तीला चार दिवस लागले. सिमेंट फोडलं, पेटी बाहेर काढली, धुराडं ब्रशनं खरवडलं. पेटीच्या तोंडापासून थेट धुराड्याच्या टोकावरच्या टोपीपर्यंत ६ इंची स्टेनलेसचा अखंड लवचीक पाइप सोडला, तो गरम राहावा म्हणून त्याला सिरॅमिक ब्लँकेट गुंडाळलं आणि खाली उरलेलं भगदाड पत्र्याचा पडदा मारून बंद केलं. टोपी वर नेली : छपरातून ३ फूट तरी बाहेर आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून २ फूट वर. दारात कागद धरून दार लावलं, तर तो अलगद निसटून आला, म्हणून दाराच्या कडेची फट बुजवणारी दोरीही बदलली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवला आणि फोडणीच्या वेळी एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची असं ठरलं. पैसे घेतले नाहीत. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पैशांसाठी नव्हे, पन्हाळीसाठी.

आता शेडमध्ये कुठलंही काम आलं की धूर कुठून कसा जाणार याचं चित्र आधी काढतो, पत्रा मग कापतो. काकूंचं धुराडं दर दिवाळीआधी आम्हीच साफ करतो. गेल्या वर्षी जेमतेम दोन मुठी काजळी निघाली. ती गुलाबाच्या कुंड्यांत घालू का, असं त्यांनी विचारलं. राख थोडी घाला म्हटलं, ही नको.