नरकाच्या काठावर, रविवारी सकाळी

गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही. स्कॉटलंडला गेलो ते एडिनबरात शिकणाऱ्या लेकीला भेटायला. तिथून सेंट अँड्र्यूज गाठलं, कारण रविवारी तिथल्या ओल्ड कोर्स या प्रसिद्ध गोल्फ मैदानावर खेळ बंद असतो आणि कुणीही फुकट हिंडू शकतं. लूकर्सला रेल्वेतून उतरून बस पकडली.

समोर नुसती उंचसखल हिरवळ, माणसं आणि कुत्री. बंकर, म्हणजे गोल्फच्या मैदानातले चेंडू अडवणारे वाळूचे खड्डे, एकही दिसेना.

"बाबा, ११२ आहेत," लेक म्हणाली.

चार पावलं पुढे गेलो आणि पायाशी एकदम खड्डाच! वाकून पाहिलं. हिरवळीच्या लाद्या एकावर एक रचून उभी भिंत केलेली. पोळ्यांची चवड मधोमध कापावी तशी थरांची कड दिसते. तळाशी दाताळ्यानं रेघा ओढलेली वाळू. समुद्राकाठची ही जमीनच वाळूची. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी पहिले खड्डे पाडले, असं सांगतात. आत उतरायचं नाही, म्हणून काठावरूनच पाहायचं.

चौदाव्या होलवरचा, म्हणजे खेळाच्या चौदाव्या टप्प्यावरचा, 'हेल' बंकर म्हणजे खराखुरा नरक. खड्डा कसला, आटलेलं तळंच. १९९५ च्या 'ओपन' या मोठ्या स्पर्धेत खुद्द जॅक निकलॉससारख्या दिग्गज गोल्फरला यातून बाहेर पडायला चार फटके लागले आणि त्या एका होलवर त्याचे दहा फटके झाले. हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

सतराव्याचा रोड बंकर त्यामानानं चिमुकला, पण जास्त खवट. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचा गोल्फर नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोचला होता. तिथून हळूच ढकललेला चेंडू घरंगळत थेट या वाळूत गेला आणि शेवटी त्याचे नऊ झाले. उलट २००० च्या ओपनमध्ये टायगर वुड्स चार दिवस, ७२ होल खेळला आणि एकाही बंकरमध्ये गेला नाही!

आम्ही तिथे उभे असतानाच एका कुत्र्यानं आत उडी मारली. भिंतीकडून दोनदा चढायला गेलं, घसरलं, मग मुकाट्यानं मागच्या बाजूनं बाहेर आलं. मालकीणबाई ओशाळल्या. दाताळं उचलून आत उतरल्या, पंजांचे ठसे मोडले आणि घर सारवताना बाई सरकते तशा मागे मागे सरकत, स्वतःची पावलं पुसत वर आल्या.